शास्त्रीय सल्लागार

कॉलेजात मला सगळे 'निवटी' म्हणायचे. निवटी हा खाडीच्या चिखलात राहणारा लहानसा मासा. त्याचे डोळे डोक्याच्या वर असतात. ओहोटी लागली की बाकीचे मासे पाण्याबरोबर जातात, हा मागं राहतो आणि पुढच्या परांवर अंग रेटत चिखलावरून चालतो. मी खाडीकाठचा, प्राणिशास्त्राचा विद्यार्थी आणि पुढं याच माशावर संशोधन करायला लागलेला. नाव पडायला एवढं पुरे होतं. मला त्याचा राग नव्हता.

आमचं गाव ठाण्याच्या खाडीच्या पूर्वेच्या काठावर. आता तिथं नवी मुंबई आहे. मी सांगतोय त्या काळात तिथं भातशेती होती, मिठागरं होती, तिवरांची झाडी होती आणि तिच्यापुढं पाण्यापर्यंत नुसता चिखल. बाबा होडीवर जायचे. आत्या ओहोटीला चिखलात उतरून शिंपल्या, कालवं, चिंबोऱ्या गोळा करायची आणि पाटी डोक्यावर घेऊन ठाण्याच्या बाजारात विकायची. आई मी लहान असतानाच गेली. मला वाढवलं ते या आत्यानं. मी मुंबईला कॉलेजात जाणार म्हटल्यावर गावात कुणाला काही कळेना, पण आत्या बाजारातल्या बायकांना सांगायची, "आमचा पोरगा माशाचा डाक्टर होनार हाय." तिला कितीदा सांगितलं की तसला डॉक्टर नव्हे. तिला फरक पडत नव्हता.

बी.एस्सी. झाल्यावर आमच्या प्राध्यापकांनी मला संशोधनासाठी ठेवून घेतलं. करड्या शिस्तीचे, काटेकोर गृहस्थ. माझ्यावर त्यांचा जीव होता, पण तो त्यांनी कधी शब्दांत दाखवला नाही. फक्त माझं काम इतरांपेक्षा जास्त वेळा परत करायचे. मी गावाहून निवट्या पकडून आणायचो आणि आम्ही त्या फॉर्मॅलिनच्या बरण्यांत ठेवायचो. थोड्याच दिवसांत त्यांचे रंग उडायचे. अंगावरचे निळे ठिपके जायचे, डोळे पांढरे पडायचे. मी तासन् तास त्या पांढऱ्या माशांची मापं घ्यायचो आणि मनात मात्र चिखलावरची जिवंत निवटी असायची. नराला मादीला बोलवायचं असलं की तो पाठीवरचा पर उभारतो आणि सरळ हवेत उडी मारतो. ती उडी इतकी झटक्यात होते की डोळ्याला नुसती एक रेघ दिसते. मी ती कागदावर काढायचा किती प्रयत्न केला, एकदाही जमली नाही.

अशात एक दिवस तो माणूस कॉलेजात आला. सिनेमाघरात मुख्य चित्रपटाच्या आधी लहान माहितीपट दाखवायचे, तसले माहितीपट तो बनवायचा. पांढरा झब्बा, गळ्यात उजेड मोजायचं यंत्र आणि बोलण्यात एक आर्जव. खाडीवर फिल्म करायची आहे, खाडी जाणणारं कुणी मिळेल का, असं विचारत तो आमच्या प्रयोगशाळेपर्यंत पोचला. मी त्याला निवटीबद्दल सांगितलं. तो खुर्ची ओढून बसलाच. मी उडीबद्दल सांगितलं तेव्हा म्हणाला, "आपण ती उडी पकडू. कॅमेरा जोरात चालवला की पडद्यावर सगळं सावकाश दिसतं. तुझा मासा हवेत तरंगताना दिसेल बघ."

त्या एका वाक्यानं मी गेलो. नंतरच्या सगळ्या गोष्टी मला त्या वाक्यापासून सुरू झालेल्या दिसतात.

त्या हिवाळ्यात तो आमच्या गावी आला. बरोबर एक कॅमेरामन आणि चावी देऊन चालवायचा लहान कॅमेरा. चिखलात पाय मांडीपर्यंत रुततात, म्हणून बाबांनी त्यांना चिखलावरून सरकायच्या फळ्या करून दिल्या. आम्ही ओहोटी लागायच्या आधीच जाऊन तिवरांच्या आडोशाला बसायचो. हलायचं नाही, बोलायचं नाही. निवटी सावलीलासुद्धा घाबरते. मला त्या बसण्याची सवय होती, आणि दिग्दर्शकसाहेबही न कंटाळता बसायचे. मी त्यांना साहेबच म्हणायचो. मला वाटायचं, हा माणूस शास्त्रज्ञच व्हायचा, चुकून सिनेमात गेला.

पुढं मुंबईला एका अंधाऱ्या खोलीत त्यांनी मला ते तुकडे दाखवले. पडद्यावर चिखल होता, मग एक डोकं वर आलं, पर उभा राहिला आणि मासा वर उचलला गेला. सावकाश, अगदी सावकाश. शेपटीवरून चिखलाचे थेंब सुटत होते. वर गेल्यावर तो क्षणभर वळला आणि मग तसाच खाली आला. मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो होतो. साहेब मागून हसले आणि म्हणाले, "आता बरण्या भरत बसणार आहेस का?"

मी संशोधन सोडलं. प्राध्यापकांना सांगायला गेलो तेव्हा ते काचेच्या नळ्या पुसत होते. त्यांनी विचारलं, "कुणाकडं जातोयस?" मी सांगितलं. त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, काही बोलतील असं वाटलं, पण ते एवढंच म्हणाले, "टेबल रिकामं करून जा."

बाबांना मी नोकरी बदलली एवढंच सांगितलं. आत्या म्हणाली, "म्हंजे आता डाक्टर नाय?"

"नाही गं. पण तू सिनेमात दिसणार आहेस."

"मी? मी कनाला?"

"खाडीवरची फिल्म आहे. खाडीत तू नसशील तर कोण असणार?"

ती लाजली. माझ्या आत्याला लाजताना मी तेव्हा प्रथम पाहिलं.

साहेबांना तिचं चित्रण करायचं होतंच. त्या दिवशी ती ठेवणीतलं लुगडं नेसून आली. हिरवं, बुट्ट्यांचं, जत्रेला काढायचं ते. केसांत फुलं. साहेब तिला आत्याबाई म्हणायचे. तिच्या हातचं चिंबोऱ्यांचं कालवण त्यांनी आदल्या दिवशी वाटीनं प्यायलं होतं. ते तिच्याकडं बघून कौतुकानं हसले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "बुट्टे कॅमेऱ्यात फार चमकतात रे. जुनं काहीतरी नेसायला सांग. फिकट. फाटकं असलं तरी चालेल, अंगावर नीट बसतं." मला ते पटलं. उजेडाचं गणित आहे, त्यांना कळतं, असं मला वाटलं. आत्या कुरकुरली, पण बदलून आली. मग त्यांनी तिला रिकामी पाटी घेऊन बांधावरून चालायला लावलं. मग चिखलात उतरायला. मग शिंपल्या काढताना तिचे हात, तिचे पाय, टाचांच्या भेगा. शेवटी भरलेली पाटी घेऊन ती वर आली तेही त्यांनी घेतलं, आणि तेव्हा ती कॅमेऱ्याकडं बघून हसली. त्या दिवशी पाटी खरोखरच काठोकाठ भरली होती.

मी वर्षभर साहेबांच्या हाताखाली होतो. कॅमेऱ्यात रीळ भरायला शिकलो, उजेड मोजायला शिकलो. मधल्या काळात साखर कारखान्यावर, पोस्टाच्या कामावर अशा दुसऱ्या फिल्मा झाल्या. खाडीच्या फिल्मचं काय झालं असं विचारलं की ते म्हणायचे, "चालू आहे. घाईनं कापली तर वाट लागेल." फिल्मचे तुकडे कापून जोडायच्या, जोडकामाच्या खोलीत ते सहाय्यकांना येऊ देत नसत. त्यांची तशी पद्धतच होती, म्हणून मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्या भागात तोवर कारखाने यायला लागले होते. शेजारच्या पावणे गावाच्या बाजूला जमिनी सपाट होत होत्या. खाडीत भराव घालणार, मोठी वसाहत होणार, असं लोक बोलायचे. गावात रोज नवी वार्ता.

मग एक दिवस साहेब म्हणाले, "तुझी खाडी ठाण्याला लागली आहे. जा, घरच्यांना घेऊन बघून ये. तुझं नाव पण आहे."

मी दुपारच्या खेळाला बाबांना आणि आत्याला घेऊन गेलो. गावातली आणखी काही माणसं हौसेनं आली. आत्या तेच हिरवं लुगडं नेसली होती. बाबा सिनेमाघरात प्रथमच बसत होते. खुर्ची आपोआप मिटते म्हणून ते तिची कड हातानं धरून बसले होते.

दिवे गेले. पडद्यावर आमची खाडी आली, वरून घेतलेली, पाणी चमकत असलेली. आत्यानं माझा दंड धरला. मग निवेदकाचा आवाज सुरू झाला. भरदार, खानदानी आवाज. तो म्हणाला, "महानगरीच्या दाराशी, शतकानुशतकं ओसाड पडलेली ही दलदल."

मला वाटलं, ही सुरुवात आहे, आता हा म्हणेल की पण नीट पाहा.

पडद्यावर चिखल आला. माझा चिखल. त्यातून निवटी वर आली, तिनं पर उभारला आणि ती उडी. अगदी तशीच सावकाश. आवाज म्हणाला, "इथं नांदतात फक्त चिखलातले किडे आणि रोगराई." थिएटरात कुणीतरी 'शी' केलं. पुढच्या रांगेतल्या बाईनं नाकाला पदर लावला.

मग आत्या आली. फाटक्या लुगड्यात. आधी ती पाटी घेऊन खाडीकडं जाताना दिसली. तो खरं तर भरली पाटी घेऊन परत येतानाचा तुकडा होता, पण डावं-उजवं उलटवून जोडलेला, इतका लांबून की पाटीत काय आहे ते कळू नये. मग तिचे हात, टाचांच्या भेगा, पडदाभर. आणि शेवटी रिकामी पाटी घेऊन बांधावरून चालणं. ते चालणं सकाळचं होतं, जातानाचं. पडद्यावर ती दिवसभर राबून हात हलवत परत येत होती. तिचं हसणं कुठंच नव्हतं. आवाज म्हणाला, "दिवसभराच्या कष्टाचं फळ काय? रिकामी पाटी. या अभागी जीवांची सुटका आता दूर नाही." आणि संगीत वाढलं, यंत्रं आली, खाडीत मातीचे ढिगारे पडायला लागले, चिमण्यांतून धूर निघाला, आणि तो आवाज आनंदानं थरथरू लागला.

प्रयोगशाळेत आम्ही एक गोष्ट पहिल्या दिवशी शिकतो. जे आधी घडलं ते आधी, जे नंतर घडलं ते नंतर. निरीक्षणांचा क्रम बदलला तर उरतं ते खोटं, मग त्यातलं एकेक निरीक्षण कितीही खरं असो. त्या पडद्यावरचं एकेक चित्र खरं होतं. त्यातली कितीतरी मी स्वतः श्वास रोखून मिळवलेली होती.

अखेरीला नावं आली. पांढऱ्या अक्षरांत माझं नाव, आणि त्याच्यापुढं 'शास्त्रीय सल्लागार' आणि माझी पदवी. हे सगळं शास्त्रानं तपासलेलं आहे, असा तो शिक्का होता.

आत्याला अक्षरं वाचता येत नव्हती. तिनं माझ्या कानाशी येऊन विचारलं, "पाटी भरली होती ना रे?"

"भरली होती."

"मंग ह्यो असा कनाला बोलतो?"

मुख्य सिनेमा सुरू झाला होता. बाबा उठले आणि आम्ही सगळेच बाहेर आलो. गावच्या माणसांपैकी एकानं माझं नाव वाचलं होतं. तो रस्त्यावर मला म्हणाला, "तुजा सल्ला होता व्हय ह्यो?" बाबांनी त्याला गप्प केलं, पण मला त्यांनीही काही विचारलं नाही. एस.टी.त आम्ही तिघं तीन वेगळ्या बाकांवर बसलो.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या ऑफिसात गेलो. ते खुशीत होते. म्हणाले, "काय, कसं वाटलं?"

मी म्हटलं, "साहेब, माझ्या आत्याची पाटी भरलेली होती."

"हो, मग?"

"तुम्ही ती रिकामी दाखवलीत."

"अरे, रिकामीही तिचीच होती." ते हसले. मग माझा चेहरा पाहून त्यांनी दार लावून घेतलं. "बस. हे बघ, फिल्म कारखानदारांची आहे. त्यांना भरावासाठी हवी होती. कागदावर ते पहिल्यापासून तसंच होतं."

"पहिल्यापासून? म्हणजे तुम्ही कॉलेजात आलात तेव्हापासून?"

"त्याआधीपासून. त्याशिवाय कॅमेरा कोण देतो?"

"मला का नाही सांगितलंत?"

यावर ते खरोखर विचारात पडले. मग म्हणाले, "सांगितलं असतं तर तुझा मासा तू मला दाखवला असतास का?" आणि मग, जणू मला मोठं करत आहेत अशा आवाजात, "तुझा एकही तुकडा मी टाकला नाही. ती उडी कुणीही कापली असती. मी ठेवली. याहून मोठा मान काय?"

मी म्हटलं, "माझं नाव काढा."

"प्रती गेल्या गावोगाव. आता कसं काढणार?"

माझ्या डोळ्यांसमोर सारखा तो आडोसा येत होता. तिवरांच्या मागं आम्ही खांद्याला खांदा लावून बसायचो. मी त्यांना कुजबुजत सांगायचो, आता येईल, आता पर उभारील, आणि ते मान हलवायचे. त्या वेळी त्यांच्या मनात ते निवेदन तयार होतं. आत्याच्या हातचं कालवण पितानाही होतं. मला फिल्मपेक्षा हे जास्त लागलं. फिल्म त्यांची होती. ते बसणं मी आमचं समजत होतो.

तिथून मी प्राध्यापकांकडं गेलो. मनात होतं की टेबल परत मागावं. त्यांनी फिल्म पाहिली होती. माझं बोलणं पुरं व्हायच्या आतच ते म्हणाले, "तो आधी माझ्याकडं आला होता. सल्लागार व्हा म्हणून. कशासाठी फिल्म आहे तेही त्यानं सांगितलं. मी नाही म्हटलं."

"सर, तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मग मी निरोप घ्यायला आलो तेव्हा तुम्ही बोलला का नाहीत?"

"तू विचारायला आला नव्हतास. सांगायला आला होतास." त्यांचा आवाज नेहमीसारखाच कोरडा होता, पण नळी पुसणारे हात थांबले होते. त्यांच्या मनाला माझं जाणं किती लागलं होतं, हे मला तेव्हा कळलं. आणि त्या रागापायी त्यांनी मला डोळ्यांदेखत खड्ड्यात जाऊ दिलं, हेही. ते म्हणाले, "जागा आहे अजून. सोमवारपासून ये." मी नमस्कार केला आणि निघालो. सोमवारी गेलो नाही. ज्यानं फसवलं त्याच्याकडं परत जायचं नव्हतं, आणि ज्यानं फसू दिलं त्याच्याकडंही जाववेना.

गावात काही दिवस लोक माझ्याशी तुटक बोलत. भरावाची मोजणी करायला माणसं आली तेव्हा एकानं मला सरळ विचारलं, तुझ्या ओळखीतले का? बाबांनी कधी बोल लावला नाही. ते फक्त माझ्यासमोर खाडीबद्दल बोलायचे थांबले. पूर्वी जेवताना ते सांगायचे, आज पाणी कुठवर आलं, काय लागलं, काय सुटलं. आता ते भात कालवून गुमान जेवायचे. मी घरातला माणूस राहिलो, पण खाडीतला राहिलो नाही.

पुढं एका ओळखीच्या छायाचित्रकाराचा कॅमेरा उसना घेऊन मी गावी गेलो. आत्या बांधावर जाळ्याच्या दोऱ्या सोडवत बसली होती. मी म्हटलं, "आत्या, हसतानाचा एक काढतो. माझ्याजवळ ठेवायला."

तिनं पदर ओढून घेतला. रागानं नाही. ऊन लागल्यावर ओढतात तसा. म्हणाली, "तुला शिंपल्या देतंय. जेवून जा. फोटू नको."

"मी काढतोय गं. मीच."

"तवा पन तूच होतास," ती म्हणाली आणि दोऱ्या सोडवत राहिली. तिनं मला पोटभर जेवू घातलं. पण त्यानंतर कुणाच्याही लग्नात फोटो काढायची वेळ आली की ती उठून आत जायची.

ते वर्ष संपता संपता एकदा तो कॅमेरामन मला शोधत आला. साहेबांनी पाठवलं होतं. कोकणातल्या एका नदीवर फिल्म होती, पाण्यातल्या पाखरांवर. निरोप असा होता की तू हवास, तुझ्याइतका धीर कुणाला नाही. कॅमेरामन भला माणूस होता. तो म्हणाला, "साहेब रोज तुझी आठवण काढतात. तू का येत नाहीस हे त्यांना कळतच नाही."

मला वाटतं, ते खरं होतं. आमच्यात काही मोडलं आहे, हे त्या माणसाच्या ध्यानातच आलं नव्हतं. आणि मी सगळं खरं सांगायचं म्हटलं तर हेही सांगायला हवं की तो निरोप ऐकून मला जावंसं वाटलं. पाण्याकाठी गप्प बसायला, कॅमेऱ्याची चावी फिरवायला, त्या माणसाशेजारी. मी कॅमेरामनला चहा पाजला आणि नाही म्हणून सांगितलं.

मग मी दादरला एका जोडकामाच्या खोलीत उमेदवारी धरली. कात्री, डिंक आणि फिल्मचे तुकडे लटकवायच्या खुंट्या. बाबांनी विचारलं, तिथं काय करतोस? मी म्हटलं, दुसऱ्यांनी काढलेली चित्रं एकापुढं एक लावतो. त्यांनी मान हलवली आणि बऱ्याच महिन्यांनी मला विचारलं, उद्या भरती कितीला आहे ते ठाऊक आहे का. मला ठाऊक नव्हतं. त्यांनी सांगितलं.